न जुळलेली सही

१९९४ च्या सुमाराची गोष्ट. अकोल्यातल्या आमच्या शाखेत एक विधवा बाई दर महिन्याला पेन्शन घ्यायला येत. एकदा त्यांची सही नमुन्याशी जुळेना. मी म्हणालो, "अंगठा लावा." बाई ताडकन म्हणाल्या, "प्रौढ वर्गात जाऊन सई शिकली मी, साहेब. अंगठा नाई लावाची. हातच सुजला हाये, तं सई कशी जुळन?"

पदराखालून त्यांनी उजवा हात काढला. दंडापासून बोटांपर्यंत टम्म फुगलेला. काही वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं होतं. मी सहीचा नवा नमुना घेतला, पैसे दिले. हाताविषयी मात्र अवाक्षर विचारलं नाही. परक्या बाईला असलं विचारू नये, ही आपली रीत.

ही रीत आता मोडायला हवी. शरीरात रक्तवाहिन्यांसारखंच लसिकावाहिन्यांचं जाळं असतं. काखेतल्या ग्रंथी काढल्या किंवा तिथे किरणोपचार दिले, की निचरा अडतो आणि हात सुजू शकतो. अशी सूज अनेकींना येते. त्यातल्या बहुतेकींना पुढे काही होत नाही. पण वर्षानुवर्षं सुजलेल्या हातात, फार क्वचित, वाहिन्यांच्या अस्तरातूनच नवा कर्करोग उद्भवतो. न्यूयॉर्कच्या फ्रेड स्टुअर्ट आणि नॉर्मन ट्रेव्ह्ज या डॉक्टरांनी १९४८ साली अशा सहा स्त्रियांची नोंद केली. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

त्याची सुरुवात फसवी असते. मुका मार लागल्यासारखा जांभळट डाग, नाहीतर छोटीशी गाठ. ऑपरेशनला दहा वर्षं होऊन गेलेली असतात, म्हणून कुणाला संशय येत नाही. रोग मात्र झपाट्याने पसरतो. तुकडा काढून तपासला तरच निदान होतं.

आता काखेतल्या सगळ्याच ग्रंथी सरसकट काढत नाहीत, त्यामुळे सूज कमी झाली आहे. आली तरी व्यायाम, त्वचेची निगा आणि घट्ट बाही यांनी ती आवरता येते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ती बाही घालणं सोपं नाही, हे खरं. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. दाखवायला जागा आहे. अडतं ते घरातल्या संकोचापाशी.

आज रविवार, सगळे घरी असाल. आई, मावशी, आत्या, ज्या कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तिला एवढंच विचारा, "हात दाखव बरं." मी तेव्हा फक्त सही पाहिली होती.