भट्टी द्यायची तर ती पेटेपर्यंत

एखाद्या मातीकाम करणाऱ्या कलावंताला भट्टी दान मिळाल्याचे कळले की आपण देणाऱ्याचे नाव विचारतो. ती उचलली कुणी, बांधली कुणी, पोचल्यावर जोडून कुणी दिली, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते खरे दान तेच असते. विजेच्या भट्टीच्या आतल्या विटा हलक्या आणि सच्छिद्र असतात, नखानेही त्यांवर ओरखडा उठतो. तापणाऱ्या तारा एकदा लालभडक होऊन थंड झाल्या की ठिसूळ होतात आणि रस्त्यावरच्या एका खड्ड्यात तुटू शकतात. मध्यम आकाराच्या भट्टीचे वजनही काही शे किलो भरते, त्यामुळे चार माणसांनी खांदा लावून ती हलत नाही. आतल्या फरशा वेगळ्या काढून, उभ्या ठेवून बांधाव्या लागतात. इतके करून भट्टी सुखरूप उतरली आणि तिथे थ्री-फेज जोडणी व नीट अर्थिंग नसले, तर ती लोखंडी कपाटासारखी कोपऱ्यात पडून राहते. म्हणून जेव्हा काही कुंभार एकत्र येऊन कुणी गाडीभाडे भरतो, कुणी क्रेट ठोकतो, कुणी तारा बदलून देतो, तेव्हा ते दात्याइतकेच, किंबहुना त्याहून मोठे काम करत असतात.

या सदरात हा विषय घेण्याचे कारण म्हणजे आपला पिंपरी-चिंचवड-चाकण पट्टा. भट्टी हलवायला जे जे लागते, ते सगळे इथे हाताशी आहे. भोसरीत हायड्रा आणि चेन पुली आहे, चाकणमध्ये युरोपातून आलेली यंत्रे धक्का न लागता उतरवणारे कामगार आहेत, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमध्ये मालमोटारी आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे इथे भट्टीची जाण आहे. पोलादाचे गिअर कठीण करण्यासाठी हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्या साधारण 850 ते 950 अंश सेल्सियसवर चालतात. पणती, कुंडी किंवा साधे मातीचे भांडे पक्के भाजायलाही सुमारे एवढीच उष्णता लागते. टूलरूममधली लहान मफल फर्नेस बदलली की जुनी वजनावर भंगारात जाते. तीच एखाद्या कुंभाराच्या अंगणात आणखी कितीतरी वर्षे चालू शकेल. 1200 अंशांच्या पुढे भाजल्या जाणाऱ्या स्टोनवेअरसाठी ती पुरणार नाही, हे खरे. पण लाल मातीत काम करणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी आहे.

यावर पहिला आक्षेप येतो की हे सरकारचे काम आहे. सरकार काहीच करत नाही असे नाही. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत कुंभारकाम आहे. पण अवजारांसाठी मिळतात 15 हजार रुपये. खादी आयोगाच्या योजनेतून विजेवर चालणारी चाके मिळाली आणि त्यामुळे हाताचे कष्ट नक्कीच वाचले. मात्र चाक वेगाने फिरले तरी भाजणी जुन्याच आव्यात होत असेल, तर जास्त घडवलेला माल तिथेच अडतो. दाट वस्तीत तर आवा लावणेच कठीण होत जाते. धूर शेजाऱ्यांना सोसत नाही आणि कुंभाराच्या फुप्फुसांनाही सोसत नाही. आव्याला स्वतःचे सौंदर्य आहे, धुराने उमटणारा काळा रंग वीज देऊ शकत नाही, हे मला मान्य आहे. तो रंग हवा असणाऱ्याने आवा जरूर राखावा. पण धुराखेरीज पर्यायच नाही म्हणून कुणाला धुरात बसावे लागू नये.

दुसरा आक्षेप विजेच्या बिलाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. 12 किलोवॉटची भट्टी 8 तास पूर्ण क्षमतेने चालली तर 96 युनिट जळतात. एकट्या कुंभाराने अर्धी भरून ती पेटवली तर हिशेब बसणारच नाही. म्हणून भट्टी एकाच्या नावावर असली तरी भरायची पाच जणांनी, हे आधीच ठरले पाहिजे. हा विचार आपल्याकडे नवा नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी 1950 च्या दशकात ग्रामोदय संघ उभारला, तो गावातल्या कुंभारांना एका आवारात आणण्यासाठीच. अमेरिकेत 1985 मध्ये कारागिरांनी एकमेकांच्या अडचणीसाठी वर्गणी गोळा करून आपत्ती निधी उभा केला, तो आजही चालतो. दोन्हीकडे व्यवसायबंधू एकत्र आले आणि बाहेरच्यांचीही मदत मिळत गेली.

भट्टी भंगारात विकून रोख पैसे द्यावेत, असेही कुणी म्हणेल. पण भंगाराच्या भावात आलेल्या पैशांतून भट्टी येत नाही. कारखान्यांनी मात्र एक काळजी घ्यायलाच हवी. जुन्या भट्टीच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असेल, तर ती कुणाच्याही दारात पाठवू नये. बाकीच्या भट्ट्यांसाठी खर्चाची वाट आहे. कंपनी कायदा 2013 च्या सातव्या अनुसूचीत पारंपरिक कला व हस्तकलांचा विकास सामाजिक दायित्वाच्या खर्चात धरला आहे. तो खर्च करताना फलक लावून भट्टी सुपूर्द केली आणि गाडी परत फिरली, असे होऊ नये. कंपनीच्या मेंटेनन्स विभागातला एक इलेक्ट्रिशियन आणि भट्टी चालवून तयार झालेला एक कुंभार, दोघांनी पहिली भाजणी होईपर्यंत तिथे थांबावे. भट्टी निवायला पूर्ण रात्र लागते. त्यांचा दुसऱ्या दिवशीचा रोजही त्याच खर्चात धरावा.