हंसाचे अभ्यंगस्नान

नरकचतुर्दशीला आपण आधी अंगाला तेल चोळतो आणि मग उटणे लावून न्हातो. हंसाच्या घरी ही रीत नेमकी उलटी. तो आधी न्हातो, मग तेल लावतो. आणि तेही वर्षातून एकदा नव्हे, रोजच्या रोज! संस्कृत कवींचा नीरक्षीरविवेकी हंस नेमका कोणता, याचा वाद पंडितांनी खुशाल घालावा. ही हकीकत इंग्लंडात टेम्स नदीवर दिसणाऱ्या, नारिंगी चोचीच्या पांढऱ्या हंसाची आहे.

त्याचे स्नान मोठे थाटाचे असते. मान पाण्यात बुडवून तो झटक्याने वर घेतो, म्हणजे पाणी पाठीवरून ओघळते. पंखांनी पाणी झोडपतो, अंग झाडतो आणि मग निवांत वेणीफणीला बसतो. शेपटीच्या मुळाशी तैलग्रंथी असते. तिथला स्निग्ध पदार्थ चोचीने घेऊन तो पिसापिसाला लावतो. स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच कशी पोहोचणार? म्हणून डोके सरळ त्या ग्रंथीवर आणि तेलकट पाठीवर घासतो. पाठ चोळून घ्यायला घरातल्या माणसाला हाक मारणाऱ्या आपल्यापेक्षा ही युक्ती बरी!

तेलाने पिसे लवचिक राहतात. पण पाणी अडते ते मुख्यतः पिसांच्या विणीमुळे. पिसाच्या तंतूंना सूक्ष्म आकडे असतात. ते सुटले की हंस पीस चोचीत धरून मुळापासून टोकाकडे ओढतो, आणि पोलक्याच्या हुकांसारखे ते पुन्हा अडकतात. काम किती, याचा अंदाज घ्या : उत्तर अमेरिकेतल्या एका जातीच्या हंसाची पिसे कोणा चिकाटीच्या माणसाने मोजली. १९३७ साली प्रसिद्ध झालेला तो आकडा २५,२१६ आहे! त्यांतली सुमारे चार-पंचमांश डोक्यावर आणि मानेवर होती. इतके करूनही पाण्यात लोह असेल तर मान तांबूस दिसते ती दिसतेच.

बाकीचा दिवस पाणवनस्पती चरण्यात आणि डुलक्या घेण्यात जातो. पोहताना एखादा पाय पाठीवर टाकून तो विसावा घेतो, तेव्हा पाहणाऱ्याला वाटते, बिचाऱ्याचा पाय मोडला!

उन्हाळ्यात उडण्याची पिसे एकदमच गळतात आणि सुमारे सहा आठवडे उडणे बंद होते. पिल्ले असली तर सहसा आधी आईची पिसे गळतात. तिला उडता येऊ लागले की मग बापाची पाळी. आईबापांपैकी एकाचे पंख तरी शाबूत राहतात. संसारी माणसाने दाद द्यावी अशीच ही वाटणी.

मात्र नदीत सांडलेल्या खनिज तेलापुढे हंसाचे काही चालत नाही. त्याने पिसे चिकटतात, वीण उसवते आणि गार पाणी थेट कातडीला भिडते. हंस सवयीने पिसे साफ करू लागतो आणि तेच तेल पोटात जाते. टेम्सकाठी शेपर्टन येथे हंसांचे आश्रयगृह आहे. अशा हंसाला साबणाच्या पाण्याने न्हाऊ घालावे लागते, आणि मग तो साबणही निःशेष धुवावा लागतो, कारण राहिलेल्या साबणानेही पिसांत पाणी शिरते. त्यानंतर त्याला लगेच नदीवर सोडून चालत नाही. तो स्वतः पिसे विंचरून नीट बसवू लागला आणि पाठीवर पडलेल्या पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळू लागले, की मगच त्याची पाठवणी.