गंधकाचा जमाखर्च

सन २०१५ पासून शेतकऱ्यांस मिळूं लागलेल्या मृद आरोग्य पत्रिकेंत गंधकाचा एक रकाना असतो. तो बंधूंनीं अवश्य पाहावा. परंतु तेथील आंकडा ही केवळ शिल्लक होय. आमचें आयुष्य महसुली दफ्तरांत गेलें. जमा व खर्च हे दोन्ही रकाने कोरे असतां नुसत्या शिलकेस हिशेब म्हणण्याची आमची तयारी नाहीं.

गंधक थोडा पावसाबरोबर येतो, थोडा खडकांतून सुटतो. पण रानांत तो मुख्यतः पाल्यापाचोळ्याच्या रूपानें फिरत असतो. साग, पळस तो मुळांनीं उचलतात, पानें गळतात, मातींतील सूक्ष्म जंतु तीं कुजवून गंधक पुन्हां पाण्यांत विरघळेल असा करतात. कांहीं भाग मुळें परत घेतात, बाकीचा नाल्यानें बेंबळेंत व पुढें वर्धेंत जातो. पेटविलेल्या पऱ्हाटीबरोबर तर तो डोळ्यांदेखत हवेंत उडतो!

अमेरिकेंत न्यू हँपशायर प्रांतीं हबर्ड ब्रुक येथील अरण्यांत सन १९६३ पासून पावसाचें व ओढ्यांचें पाणी तपासून असाच हिशेब ठेवितात व त्यावरून पुढील वर्षांचीं गणितें मांडितात. कायद्यानें धूर आटोक्यांत आल्यावर पावसांतील गंधक घटला. तरी ओढ्यांतून मात्र आल्यापेक्षां अधिक गंधक जात राहिला. मातीनें पूर्वीं सांठविलेला सांठा ती सावकाश सोडीत होती. नुसत्या शिलकेवरून हें कोणास कळलें असतें?

तेथें अतिरेक होता, येथें उणिवेची भीति आहे. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोंच्या पोत्याबरोबर सुमारें साडेपांच किलो गंधक आपोआप शेतांत पडतो. डीएपी व युरिया यांत तो मुळींच नाहीं, आणि सोयाबीनला तर तो हवाच. नत्र कमी पडल्यास जुनीं पानें आधीं पिवळीं होतात, गंधक कमी पडल्यास कोवळीं. हा भेद न पाहतां युरियाचें पोतें आणणारे पुष्कळ.

मोजमापापेक्षां गंधकाचें पोतेंच स्वस्त, असें कोणी म्हणतील. एका शेतापुरतें तें खरेंही असेल. पण पोत्यांतला गंधक पिकास किती मिळतो व नाल्यास किती, हें पोतें सांगत नाहीं. सबब आपल्या मंडळीनें रानांतून उगम पावणारा एक लहान नाला येत्या मृगापूर्वीं निवडावा आणि त्याचें व पावसाचें पाणी निदान तीन वर्षें अकोल्याच्या कृषि विद्यापीठाकडून तपासून घेण्याची खटपट करावी. पर्जन्यमापकाची रोजची नोंद ठेवण्याचें काम आम्ही विनावेतन पत्करतों.