सासूबाईंची वेणी

श्रावणात आमच्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी त्यांना वॉकर धरून उभे केले, आठवड्याने त्या घरी आल्या. आणि सुरू झाली माझी सेवा! तोंड मी धुवायचे, वेणी मी घालायची, घास मी भरवायचे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सून असावी तर अशी!" खोटे कशाला सांगू, मला ते गोड लागले.

तीन आठवड्यांनी थोरल्या वन्सं आल्या. त्यांची उभी हयात इस्पितळात परिचारिकेच्या कामात गेलेली. दिवसभर त्यांनी नुसते पाहिले आणि रात्री मला विचारले, "अगं, आईनं तुझ्या आमटीला शेवटचं नाव कधी ठेवलं?"

मी आठवू लागले. पंचवीस वर्षे ज्यात एका दिवसाचा खंड नव्हता, ते या तीन आठवड्यांत एकदाही घडले नव्हते. मी समजत होते, सासूबाई निवळल्या!

"मला तेच भय वाटतंय," वन्सं म्हणाल्या.

मग त्यांनी डोरोथिया ओरेम या अमेरिकन परिचारिकेचे नाव काढले. या बाईंचे शुश्रूषेवरचे पुस्तक १९७१ साली निघाले. खाणेपिणे, स्वच्छता, हिंडणे, विश्रांती, चार माणसांत बसणे, ही ज्याची त्याने करायची कामे. दुखण्यापायी त्यांतले जे करवत नाही ती तूट, आणि तेवढीच दुसऱ्याने भरायची. ही तूट एकसारखी राहत नाही. शुद्ध नसलेल्या रोग्याचे सारेच आपण करायचे. पुढे काही त्याने, काही आपण. शेवटी नुसते शिकवायचे नि धीर द्यायचा. मी पहिल्याच पायरीवर ठाण मांडून बसले होते.

"पाय मोडलाय तिचा. हातांना काय झालंय?" वन्संनी विचारले. मी गप्प.

दुसऱ्या दिवशी वाटणी झाली. वाकायला डॉक्टरांची मनाई होती, म्हणून पाय धुणे-पुसणे आणि न्हाणीघरातली सोबत माझ्याकडे. जेवण खुर्चीवर, त्यांच्याच हाताने. वॉकरच्या फेऱ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्या. मी फक्त मागून चालायचे. न्हाणीघराच्या भिंतीला दांडी बसवून घेतली.

आणि वेणीही त्यांचीच त्यांनी. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. मध्येच फणी आपटून सासूबाई म्हणाल्या, "कळलं! सून कंटाळली म्हातारीला!" मला रडूच कोसळले. वेणी ओढून घ्यायला हात शिवशिवत होते. वन्सं मात्र खुशाल वर्तमानपत्र वाचत बसलेल्या! अंबाडा डाव्या कानाकडे कलला होता. तसाच राहू दिला.

दिवाळीला वन्सं पुन्हा आल्या. मी चकल्या तळत होते. सासूबाई वॉकर टेकत स्वयंपाकघरात आल्या, खुर्चीवर बसल्या, एक चकली मोडून तोंडात टाकली.

"मोहन कमी पडलंय," त्या म्हणाल्या. "आणि तीळ कुठं गेले?"

वन्संनी माझ्याकडे पाहिले. मी परात आणि तिळाचा डबा उचलून सासूबाईंपुढे टेबलावर ठेवला.