प्रोबेशनमध्ये काढलं ते ठीक, पण आधी सांगितलं होतं का?

मनावरच्या तहसील कचेरीत, एखाद्या शाळेत किंवा जवळच्या सिमेंट कारखान्यात नव्याने लागलेल्या माणसाच्या नियुक्तिपत्रात एक ओळ हमखास असते, ‘परिवीक्षा अवधि’. महाराष्ट्रात तिलाच ‘परिवीक्षा कालावधी’ म्हणतात. बोलताना दोन्हीकडे प्रोबेशनच. काम जमलं तर कायम, नाही जमलं तर घरी, असा लोक त्याचा सरळ अर्थ लावतात. पण घरी पाठवायचं कसं, यावर सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशाच्याच एका प्रकरणात निकाल दिला, आणि नोकरी गेलेल्या चक्क न्यायाधीश होत्या.

जून २०२३ मध्ये राज्यातल्या सहा महिला दिवाणी न्यायाधीशांची सेवा संपवण्यात आली. शिफारस उच्च न्यायालयाची, आदेश राज्य सरकारचा. कारण एकच, प्रोबेशनमधली कामगिरी समाधानकारक नाही. सर्वोच्च न्यायालयाने याची स्वतःहून दखल घेतली. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने फेरविचार करून चौघींना परत घेतलं. दोघी बाहेरच राहिल्या.

त्यातल्या एकीचे वार्षिक अहवाल आधी ‘खूप चांगले’, ‘चांगले’ असे होते, मग ते ‘सरासरी’वर घसरले. २०२२ साली तिच्याकडे सुमारे १,५०० खटले पडून होते आणि निकाली निघाले २०० पेक्षा कमी. नुसता हा आकडा पाहिला तर कोणीही साहेब म्हणेल, काढा. पण मधल्या काळात तिला कोविड झाला होता, २०२१ मध्ये गर्भपात झाला होता, भावाला कर्करोग निघाला होता, आणि हे तिने वरिष्ठांना कळवलंही होतं. न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. एन. कोटीश्वर सिंह यांच्या खंडपीठाने आकडे बाद केले नाहीत, आकड्यांमागची परिस्थिती का पाहिली नाही हे विचारलं. सेवा संपवणं मनमानी आणि बेकायदा ठरलं. १५ दिवसांत दोघींना रुजू करून घ्या, ज्येष्ठता द्या, कनिष्ठ सहकारी ज्या दिवशी कायम झाले त्या दिवसापासून कायम धरा, असा आदेश झाला. मधल्या काळाचा पगार मात्र फक्त पेन्शनच्या हिशोबापुरता धरला. म्हणजे जिंकूनही पावणेदोन वर्षांच्या आसपासचे पैसे हातात आले नाहीतच.

नियम तसा जुना आहे. प्रोबेशनवरच्या माणसाचा पदावर हक्क नसतो आणि त्याला साधेपणाने मुक्त करणं ही शिक्षा नव्हे, हे १९५७ च्या धिंग्रा निकालापासून ठरलेलं आहे. १९७४ च्या शमशेर सिंह निकालाने त्यावर लगाम घातला. आदेशाची भाषा कितीही गोड असो, मुळात आरोप ठेवूनच काढलं असेल तर चौकशी हवी आणि बाजू मांडायची संधी हवी. १९८४ चं प्रकरण तर पोलीस अकादमीतलं. पावसामुळे प्रशिक्षणार्थी सरावाला उशिरा पोचले, त्यातल्या एकाला म्होरक्या ठरवून सेवामुक्त केलं. न्यायालयाने आदेशाचा पडदा बाजूला सारला आणि त्याला परत घेतलं. पण याचा अर्थ मालकाचे हात बांधले असा नाही. ‘काम समाधानकारक नाही’ एवढंच लिहून काढलं तर तो कलंक नव्हे, हेही याच न्यायालयाने २००१ मध्ये सांगितलं आहे. कामात खरोखर कमी पडणाऱ्याला आजही काढता येतं. अडतं ते वर्षभर गप्प बसून शेवटच्या महिन्यात फाइल जाड करणाऱ्यांचं.

सीमेपलीकडच्या नातेवाइकांचा सल्ला इथे जपून घ्यावा. महाराष्ट्रातल्या खासगी शाळेत कायम रिक्त जागेवर रीतसर नेमलेल्या कर्मचाऱ्याला १९७७ च्या कायद्याने दोन वर्षं प्रोबेशन असतं, शिक्षणसेवकाला तीन. त्या मुदतीत काम पटलं नाही तर एक महिन्याची नोटीस किंवा पगार देऊन काढता येतं. मुदत सरली आणि काढलं नाही, तर माणूस कायम समजला जातो. म्हणून शिरपूरचा मामा फोनवर सांगतो, ‘दोन वर्षं झाली ना, मग तू पक्का.’ मनावरच्या भाच्याला ते लागू होईलच असं नाही. मध्य प्रदेशाच्या न्यायिक सेवेबद्दल २००१ मध्येच ठरलं की मुदत उलटली म्हणून आपोआप कायम होत नाही, नियमात काय लिहिलंय ते पाहावं लागतं.

पैशाची गोष्ट वेगळीच. डिसेंबर २०१९ मध्ये मध्य प्रदेश सरकारने तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या नव्या भरतीला तीन वर्षांचं प्रोबेशन लावलं. पहिल्या वर्षी वेतनाच्या ७० टक्के, मग ८०, मग ९०, असं तेव्हा ठरलं. महाराष्ट्रातले शिक्षणसेवकही तीन वर्षं मानधनावरच असतात, २०२३ पासून १६ ते २० हजार. एवढ्यात घर चालवायचं आणि वर टांगती तलवार.

कारखान्यात बरीच मदार नियुक्तिपत्रावर. सहा महिन्यांचं प्रोबेशन एवढंच लिहिलं असेल, तर गैरवर्तन किंवा तसंच पुरेसं कारण सोडून त्याआधी काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकात एका वृत्तपत्राच्या खटल्यात म्हटलं. तेव्हापासून हुशार मालक पत्रात ‘कधीही, कारण न देता’ हे शब्द घालतात. सही करण्याआधी ती ओळ वाचणारे थोडेच.