पोटाचे दुखणे आणि पाकिटांचा बाजार

स्थूलपणा श्रीमंतांच्या घरचा आणि कुपोषण गरिबांच्या, ही सोयीची वाटणी आता टिकणारी नाही. युनिसेफच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातील ५ ते १९ वयोगटात स्थूल मुलांचे प्रमाण ९.४ टक्के झाले असून कमी वजनाच्या मुलांचे ९.२ टक्के आहे. भारतात २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाची २४ टक्के मुले कृश, तर ५ टक्के जादा वजनाची आढळली. दोन्ही दुखणी आता एकाच वस्तीत नांदतात.

जादा वजनाची किंमत मधुमेह, रक्तदाब यांच्या रूपाने उतारवयात मोजावी लागते, असा समज आहे. प्रत्यक्षात पोटाच्या तक्रारी कोवळ्या वयातच सुरू होऊ शकतात. पोटावरील चरबीचा दाब जठरावर पडतो, आम्ल अन्ननलिकेत चढते आणि छातीत जळजळते. यकृतात चरबी बहुधा मुकाट्याने साठते; पित्तात कोलेस्टेरॉल वाढून पित्ताशयात खडे धरतात. बद्धकोष्ठतेचे आणि वजनाचे मूळ तर पुष्कळदा एकच असते : चोथा नसलेले अन्न आणि बैठा दिवस. घरी मात्र आम्लनाशक गोळी देऊन वेळ मारून नेली जाते.

मुलांनी जिभेला आवर घालावा, आईबापांनी लक्ष द्यावे, हा प्रस्थापितांचा ठरलेला उपदेश. पण पाच रुपयांचे पाकीट टपरीटपरीवर लटकवले कोणी? दिवसभर राबून परतणाऱ्या आईने ताजे अन्न शिजवायचे केव्हा? मुलांनी खेळायचे कोठे? मुंबईच्या गिरणगावात १९९१ च्या नियमाप्रमाणे पुनर्विकास होणाऱ्या गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मोकळ्या जागांसाठी मिळायचा होता. २००१ मध्ये तो नियम बदलून केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. मैदाने हुकली, मनोरे उठले.

शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा चरबी, मीठ व साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२० मध्ये झाला. तो किती पाळला जातो, हे मधल्या सुट्टीत फाटकाशी उभे राहिले तरी कळते. चिली देशाने २०१६ पासून अशा पाकिटांवर काळे इशारे छापायला लावले. भारतात २०२२ च्या मसुद्यात पाकिटांना तारे देण्याची योजना मांडली गेली. दोषाचा इशारा द्यायचा की ताऱ्यांनी गौरव करायचा, हा प्रश्न मुलांच्या आरोग्याचा आहे, तसाच नफ्याच्या राजकारणाचाही आहे.

शालेय पोषण आहार आठवीला संपतो. वाढीच्या ऐन वयात मुलगा टपरीच्या हवाली होतो. तो आहार दहावीपर्यंत मिळावा, पाकिटांवर स्पष्ट इशारा छापला जावा आणि वस्तीतील मैदान वस्तीचेच राहावे, या मागण्या कार्यकर्त्यांनी वॉर्डावॉर्डात नेल्या पाहिजेत. सुरुवात शाळेच्या फाटकापासून ५० मीटर मोजून करता येईल. जाड मुलाची थट्टा करणाऱ्या समाजाने त्याच्या ताटात काय पडते आणि ते कोण वाढते, हे आधी पाहावे.