दोन मिनिटांचे विमान

कल्याणहून मलंगगडाकडे जाणाऱ्या वाटेवर नेवाळी नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने तेथे विमानांसाठी धावपट्टी बांधली. युद्ध संपले, विमाने गेली. जमिनींचा तंटा मात्र मिटला नाही, आणि जून 2017 मध्ये त्यांच्यासाठी तेथील शेतकऱ्यांनी मोठे आंदोलन केले. त्या धावपट्टीची हकीकत ऐकून एखाद्या चौकस मुलाच्या मनात सहज प्रश्न येईल : कल्याणला आणि ठाण्याला एकेक लहानसा विमानतळ झाला, तर हा प्रवास किती मिनिटांचा होईल?

गणित सोपे आहे. या दोन शहरांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे 17 किलोमीटर. लहान विमानतळांवर उतरणारे पंख्याचे विमान ताशी सुमारे 500 किलोमीटर वेग गाठू शकते. म्हणजे अवघी दोन मिनिटे! परंतु हे उत्तर जितके बरोबर, तितकेच फसवे आहे. जमीन सोडताच विमानाला तो वेग येत नाही. त्याला आधी उंची गाठावी लागते, आणि ती गाठण्यापूर्वीच कल्याण मागे पडलेले असेल. मग वळण घेऊन परतणे आले, सावकाश खाली उतरणे आले. शिवाय प्रवाशाने बराच वेळ आधी विमानतळावर जावे, सामान तपासून घ्यावे, रांगेत तिष्ठावे, ते वेगळेच. तेवढ्या वेळात रेल्वेचा प्रवासी ठाण्याला उतरून घरी चहा घेत बसलेला असेल! मुंबईहून नागपूरला जाणाऱ्याची अख्खी रात्र विमान वाचवते. तेथे त्याचे मोल कोण नाकारील? जवळच्या वाटेवर मात्र त्याचा वेग वाया जातो.

या वाटेचा खरा उपकारकर्ता जमिनीवरच आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून निघालेली देशातील पहिली प्रवासी आगगाडी 34 किलोमीटर चालून ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी खाडी ओलांडून लोहमार्ग कल्याणला पोहोचला. मुंब्र्याच्या डोंगराला वळसा पडत असे. 1916 मध्ये पारसिकचा बोगदा खुला झाला आणि तो वळसा टळला. डोंगर फोडून वाचविलेली ती मिनिटे किती लाखांच्या पदरी पडली असतील!

आज या वाटेवर उणीव आहे ती वेगाची नव्हे, जागेची. ठाणे आणि दिवा यांच्यामध्ये 2022 मध्ये पाचवा आणि सहावा मार्ग सुरू झाला, तरी गर्दी हटली नाही. 9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याजवळ दारांत लटकलेले प्रवासी गाड्यांतून खाली पडले आणि त्यांतील काही प्राणास मुकले. त्यांना दोन मिनिटांत पोहोचायचे नव्हते. पाय ठेवण्यापुरती जागा मिळती, तरी त्यांना पुरे होते. म्हणून खर्च करावयाचा तो आधी जादा गाड्यांवर, रुंद फलाटांवर आणि आपोआप मिटणाऱ्या दारांवर करावा. आकाशातील वाट थोडी थांबली तरी चालेल.

डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी एखादी वृद्ध स्त्री उभी असते. एक गाडी येते. तिला चढता येत नाही. दुसरी येते, तीही निघून जाते. या प्रवासास किती वेळ लागतो, हे तिला विचारावे. वेळापत्रकातील आकडा ती सांगणार नाही.